खताची गोणी फोडण्याआधी: ठाणे-नवी मुंबईत नव्याने बाग किंवा शेती सुरू करणाऱ्यांसाठी

ऐरोलीत आमच्या सोसायटीच्या गच्चीवर पहिले बारा ड्रम भरले तेव्हा मी खत चाळून घेतलं नव्हतं. टेम्पोतून सुटं कंपोस्ट आलं, काळंभोर, भुसभुशीत, मातीचा छान वास. दोन हिवाळे त्यात पालक आणि माठ लावला आणि घरच्या भाजीच्या कौतुकाने मुलीला भरपूर खाऊ घातला. तिसऱ्या वर्षी त्याच माणसाकडून आलेलं खत सहज चाळणीवर घेतलं. वर काय राहिलं? काचेचे बारीक कण, ट्यूबलाइटची ॲल्युमिनियमची टोपी, तांब्याच्या वायरचा पीळ आणि पेन्सिल सेलचं गंजलेलं कवच. त्या रात्री मला झोप लागली नाही. खताचा नमुना प्रयोगशाळेत दिला. शिशाचा आकडा मर्यादेच्या वर आला. बारा ड्रम रिकामे करावे लागले.

गच्चीवर, बाल्कनीत किंवा मुरबाड-शहापूर-पनवेलकडे एखाद्या तुकड्यावर जे आता सुरुवात करत आहेत, त्यांना या वाटेने जावं लागू नये म्हणून हे लिहिते आहे.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. कीटकनाशक काळानुसार विघटित होतं, जंतू मरतात, दुर्गंधी जाते. शिसं, कॅडमियम, क्रोमियम, निकेल, पारा, आर्सेनिक ही मूलद्रव्यं आहेत. ती कुजत नाहीत, जळत नाहीत. उलट कंपोस्ट होताना त्यांचं प्रमाण वाढतं, कारण ओल्या कचऱ्याचं वजन पाणी आणि वायू होऊन कमी होतं आणि धातू तेवढाच राहतो. मातीत एकदा गेलेला धातू काढून घेण्याचा सोपा उपाय नाही. त्यामुळे सगळी मेहनत गोणी फोडण्याआधी करायची.

पायरी १: आपल्या खतात धातू येतो कुठून ते ओळखा

रासायनिक खतांपैकी युरियाची काळजी फारशी नाही, तो नैसर्गिक वायूपासून बनतो. लक्ष द्यायचं ते स्फुरदाच्या (फॉस्फरसच्या) खतांकडे, म्हणजे डीएपी, सिंगल सुपर फॉस्फेट आणि मिश्र खतं. स्फुरद खडकातून येतो आणि त्या खडकात निसर्गतःच कॅडमियम असतं. समुद्रतळाच्या गाळापासून बनलेल्या खडकात, उदाहरणार्थ मोरोक्को किंवा टोगोकडच्या, ते जास्त आढळतं. रशियातल्या कोला भागासारख्या अग्निजन्य खडकात बरंच कमी. सुपर फॉस्फेट बनवताना खडकावर थेट आम्ल टाकतात, मधे काही गाळून वेगळं होत नाही, म्हणून खडकातलं जवळपास सगळं कॅडमियम गोणीत येतं. युरोपीय संघाने जुलै २०२२ पासून स्फुरदाच्या खतांवर दर किलो P₂O₅ मागे (खतातला स्फुरद याच रूपात मोजतात) ६० मिलिग्रॅम कॅडमियमची मर्यादा घातली. आपल्या दुकानातल्या गोणीवर कॅडमियमचा आकडा छापलेला दिसत नाही.

दुसरा स्रोत झिंक सल्फेट. भातावरच्या खैरा रोगासाठी, म्हणजे जस्ताच्या कमतरतेसाठी, आपल्याकडे ते सर्रास घालतात. जस्ताच्या मुलाम्याच्या कारखान्यांतली राख, पितळेची राख अशा भंगारातूनही ते बनवता येतं आणि शिसं-कॅडमियम त्याबरोबर येऊ शकतं. म्हणूनच खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये झिंक सल्फेट हेप्टाहायड्रेटमध्ये शिसं ०.००३ टक्के आणि कॅडमियम ०.००२५ टक्क्यांहून जास्त चालत नाही. सुटं, बिनछापाच्या पिशवीतलं झिंक सल्फेट कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.

तिसरा स्रोत आपला शहरी कचरा, आणि गच्चीवाल्यांसाठी हाच सगळ्यात मोठा. सेल, ट्यूब, रंगाचे डबे, चामड्याचे तुकडे आणि गंजका पत्रा ओल्या कचऱ्यात मिसळले की खतात उतरतात. भोपाळच्या भारतीय मृदा विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी अनेक शहरांचं कंपोस्ट तपासलं, तेव्हा ओला-सुका घरातच वेगळा केलेल्या कचऱ्याचं खत मिश्र कचऱ्याच्या खतापेक्षा स्पष्टपणे स्वच्छ निघालं. खत कुठल्या कचऱ्याचं आहे, हाच विकणाऱ्याला विचारायचा पहिला प्रश्न.

कोंबडीखतात खाद्यातून दिलेलं तांबं आणि जस्त उतरतं. राखेबद्दलही सांगते. सुक्या लाकडाची, शेणीची राख चांगली. पण रंगवलेल्या चौकटी, प्लायवूड, जुनं फर्निचर जाळलेल्या भट्टीची राख कुंडीत नको. मुरबाडला मामांच्या शेतावर राब भाजताना, म्हणजे भाताच्या रोपांची जागा पालापाचोळा जाळून तयार करताना, कोणी टायर किंवा प्लास्टिक टाकलं की मी भांडतेच.

निर्माल्य हा आपल्याकडचा खास विषय आहे. गणपतीनंतर फुलांचं खत करणं ही सुंदर गोष्ट आहे आणि ठाण्यात ते काम मनापासून होतं. पण मारुतीच्या देवळातल्या रुईच्या माळा, शेंदूर लागलेली फुलं आणि मूर्तीच्या रंगाचे पोपडे त्यात घालू नका. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड आहे. ती फुलं बाजूला काढण्यात देवाचा अनादर नाही, ताटात येणाऱ्या अन्नाची काळजी आहे.

पायरी २: गणित एकदा करून पाहा

हे गणित मी प्रत्येक नवख्याला वहीत करायला लावते, कारण भीती आणि बेफिकिरी दोन्ही त्याने ताळ्यावर येतात.

समजा एका एकरात ५० किलोची डीएपीची एक गोणी घातली. त्यात ४६ टक्के P₂O₅, म्हणजे २३ किलो. युरोपच्या कमाल मर्यादेइतकं कॅडमियम त्यात आहे असं धरलं तरी २३ गुणिले ६०, म्हणजे १,३८० मिलिग्रॅम, दीड ग्रॅमपेक्षाही कमी. एकरातली वरची वीतभर माती साधारण ८०० टन. किलोमागे भर पडली ०.००२ मिलिग्रॅमच्या आतच. एका हंगामात काही होत नाही. होतं ते वीस-तीस वर्षं न मोजता ओतत राहिल्याने.

आता त्याच एकरात दोन टन शहरी कंपोस्ट. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी कॅडमियमची मर्यादा किलोला ५ मिलिग्रॅम आहे. मर्यादेत बसणारं खतसुद्धा काठावर असेल तर १० ग्रॅम कॅडमियम गेलं, डीएपीच्या गोणीच्या सातपट. हे ऐकून मामा म्हणाले, "अगं, सेंद्रिय ते सेंद्रिय, त्यात कसलं आलंय विष?" मी म्हटलं, "मामा, गोठ्यातल्या शेणखताचं मी म्हणतच नाही. ट्रकने जे येतं त्याचं म्हणते." कागदावर आकडे दाखवले तेव्हा ते गप्प झाले आणि मग स्वतःच ट्रकवाल्याला फोन लावला.

ड्रमचं गणित सगळ्यात बोलकं आहे. ४० किलोच्या मिश्रणात १५ किलो कंपोस्ट घातलं. कॅडमियम किलोला ५ असेल तर ७५ मिलिग्रॅम आत गेलं, म्हणजे मिश्रणात किलोला जवळपास २ मिलिग्रॅम. युरोपच्या १९८६ च्या निर्देशात सांडपाण्याचा गाळ घालायच्या शेतजमिनीत कॅडमियमची कमाल पातळी किलोला १ ते ३ मिलिग्रॅम धरली आहे. शेताला तिथवर जायला पिढ्या लागतात, ड्रम एका सकाळी जातो. म्हणून कुंडीवाल्यांनी शेतकऱ्यापेक्षा जास्त काटेकोर असायला हवं. कुंडीत माती थोडी आणि खताचा वाटा मोठा असतो.

पायरी ३: गोणी आणि बिल

गोणीवर खताचं नाव, उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच क्रमांक, निव्वळ वजन, घटकांचं प्रमाण आणि किंमत स्पष्ट छापलेली हवी. गोणीची शिलाई उसवून पुन्हा घातलेली नसावी. बिलावर बॅच क्रमांक लिहून घ्या. दुकानदार कुरकुरला तरी आग्रह धरा. पुढे काही निघालं तर तुमच्या हातात तेवढंच असतं. कंपोस्ट असेल तर बॅचचा तपासणी अहवाल मागा. चांगला उत्पादक तो आनंदाने देतो.

शहरी कंपोस्टच्या मर्यादा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, किलोमागे मिलिग्रॅममध्ये: आर्सेनिक १०, कॅडमियम ५, क्रोमियम ५०, तांबं ३००, पारा ०.१५, निकेल ५०, शिसं १००, जस्त १,०००. गांडूळखतासाठी कॅडमियम ५, क्रोमियम ५०, निकेल ५०, शिसं १००. गांडुळं धातू संपवतात असं कोणी सांगितलं तर मान्य करू नका. ती थोडा धातू अंगात साठवतात आणि मेल्यावर तो तिथेच परत येतो.

पायरी ४: घरी करायची तपासणी

घमेलंभर खत वर्तमानपत्रावर उन्हात पसरा, वाळू द्या, ४ मिलिमीटरच्या चाळणीने चाळा. वर राहिलेलं हाताने नाही, चिमट्याने निवडा. काच, पत्रा, वायर, रंगाचे पोपडे, प्लास्टिकचे चमकणारे तुकडे दिसले तर ते मिश्र कचऱ्याचं खत आहे. मग पुढची तपासणी करायचा खर्चही करू नका, खत परत करा. एक लोहचुंबक पिशवीत गुंडाळून खतातून फिरवा. चिकटलेला भुगा बरंच सांगतो. मात्र चाळणी स्वच्छ निघाली म्हणजे खत शुद्ध, असं मानू नका. विरघळून मुरलेलं शिसं डोळ्याला दिसत नाही.

पायरी ५: नमुना घेणं

इथे बहुतेकांची चूक होते, म्हणून सविस्तर सांगते. चुकीच्या नमुन्याचा महागडा अहवाल काही कामाचा नसतो.

खताच्या ढिगाच्या किमान दहा जागांवरून, वरून, मधून आणि तळातून, एकेक ओंजळ घ्या. गॅल्व्हनाइज्ड बादली, पितळेचं भांडं, रंगवलेली खुरपी वापरू नका. त्यांचंच जस्त-शिसं नमुन्यात उतरतं. प्लास्टिकचा डबा आणि लाकडी पळी पुरे. सगळं स्वच्छ प्लास्टिकवर एकत्र करा, हाताने नीट कालवा, गोल पसरा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन भाग टाकून द्या. उरलेलं पुन्हा कालवून पुन्हा चार भाग. असं करत अर्धा किलो उरेपर्यंत जा. सावलीत वाळवा. जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरा, आत दुसऱ्या छोट्या पिशवीत चिठ्ठी टाका: तारीख, बॅच, कुठून घेतलं. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, शाई ओलीने पसरते.

शेतातल्या मातीसाठी नागमोडी चालत दहा-पंधरा जागा निवडा. बांधाजवळची, खत साठवलेली, झाडाखालची आणि रस्त्याकडेची जागा सोडा. इंग्रजी व्ही अक्षरासारखा १५ सेंटिमीटर खोल खड्डा करून त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत बांबूच्या चिपाटीने खरवडून घ्या. पुढे चार भागांची तीच पद्धत.

पायरी ६: प्रयोगशाळेत काय मागायचं

मृद आरोग्य पत्रिका काढलीत तर फार चांगलं, पण एक गैरसमज दूर करते. त्या पत्रिकेत बारा गोष्टी असतात: सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन. शिसं आणि कॅडमियम त्यात नसतं. "कार्डात काही वाईट आलं नाही" म्हणून निश्चिंत झालेले बरेच लोक मला भेटतात.

धातूंसाठी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेली प्रयोगशाळा शोधा. ठाणे-बेलापूर पट्ट्यात, महापे-रबाळेच्या बाजूला, खासगी प्रयोगशाळा आहेत. जाण्याआधी फोनवर तीन गोष्टी विचारा: खताच्या धातुतपासणीसाठी मान्यता आहे का, मोजणी आयसीपी-एमएस किंवा एएएस यंत्रावर करता का, आणि प्रत्येक धातूची मोजता येणारी किमान पातळी किती. "आम्लात विरघळवून एकूण धातू, कोरड्या वजनावर" असं लेखी मागा. पारा बहुधा वेगळा मोजावा लागतो. पैसे कमी असतील तर कॅडमियम आणि शिसं हे दोन आधी करा. आमच्या इमारतीत पाच कुटुंबांनी मिळून एका लॉटची तपासणी केली, खर्च वाटला गेला.

शेतीचा सल्ला हवा असेल तर तालुका कृषी अधिकारी कार्यालयाबरोबरच पनवेलचं खारभूमी संशोधन केंद्र आणि कर्जतचं कृषी संशोधन केंद्र ही दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची केंद्रं आपल्याला जवळची आहेत.

पायरी ७: अहवाल वाचणं

एकक आधी बघा. पीपीएम आणि किलोमागे मिलिग्रॅम एकच. टक्क्यात असेल तर दहा हजाराने गुणा. म्हणजे झिंक सल्फेटमधलं ०.००३ टक्के शिसं हे किलोला ३० मिलिग्रॅम. "बीडीएल" लिहिलेलं असेल, म्हणजे मोजता आलं नाही, तर किमान पातळी बघा. पाऱ्याची मर्यादा ०.१५ आणि यंत्राची किमान पातळी १ असेल तर त्या "बीडीएल"ला काही अर्थ नाही.

मर्यादेच्या आत आलेलं खतही मी दोन गटांत ठेवते. मर्यादेच्या निम्म्याहून कमी असेल तर पालेभाज्यांना. निम्म्याहून जास्त असेल तर फुलझाडांना. हा माझा नियम आहे, कायद्याचा नाही. मुलं ज्या ड्रममधलं खातात तिथे मी काठावरचं काही घालत नाही. शिशाची सुरक्षित अशी कुठलीच पातळी जागतिक आरोग्य संघटना मानत नाही, आणि लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो. कॅडमियम मूत्रपिंडात दशकं साठून राहतं; अंगात लोह कमी असलं की ते जास्त शोषलं जातं, आणि आपल्या किती घरांत बायकांचं लोह कमी असतं ते सांगायला नको. जपानच्या तोयामा प्रांतात जिंझू नदीच्या पाण्यावर पिकलेल्या भातातून लोकांच्या हाडांचा चुरा झाला, तो याच धातूमुळे. १९६८ मध्ये तिथल्या सरकारने ते मान्य केलं.

खत नापास झालं तर पुढे कोणाला देऊ नका, नाल्यात किंवा खाडीत टाकू नका. न फोडलेली गोणी असेल तर तशीच ठेवा आणि बिल, बॅच क्रमांक, अहवाल घेऊन तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. कारवाईसाठी खत निरीक्षकाने घेतलेला नमुना लागतो, म्हणून बंद गोणी फार मोलाची.

पायरी ८: माती आधीच बिघडली असेल तर

घाबरून बाग बंद करू नका. पीक बदला. पालक, माठ, लेट्यूस कॅडमियम भराभर उचलतात. भेंडी, टोमॅटो, वाल, दुधी, घेवडा यांच्या फळात ते पुष्कळ कमी पोचतं. शिसं मुळांतून वर फारसं चढत नाही, ते धूळ होऊन पानांवर आणि मातीबरोबर मुळ्यावर चिकटतं. म्हणून वाहत्या पाण्यात तीनदा धुणं आणि मुळा-गाजर सोलणं याचा खरा उपयोग होतो.

सामू बघा. माती आम्लधर्मी झाली की कॅडमियम मोकळं होऊन झाडात जातं. कोकणातली तांबडी माती मुळात आम्लधर्मी, त्यामुळे चुनखडीची पूड थोडी थोडी घालत सामू ६.५ ते ७ च्या दरम्यान आणा. एकदम ओतलीत तर झाड लोह घेऊ शकत नाही आणि पानं पिवळी पडतात. उरण-पनवेलकडच्या खाऱ्या जमिनीत वेगळी अडचण आहे: मिठातलं क्लोराइड कॅडमियमला धरून पाण्यात उतरवतं आणि झाडापर्यंत नेतं. तिथे गोड्या पाण्याने क्षार निचरून घेणं आधी, खतं नंतर. भाताच्या खाचरात दाणा भरताना पाणी उभं असलं तर कॅडमियम कमी उतरतं. लवकर निचरा केला तर जास्त.

स्फुरदाची गोणी दरवर्षी सवयीने घालू नका. मृद आरोग्य पत्रिकेत स्फुरद भरपूर दिसत असेल तर एक हंगाम डीएपी टाळा. पैसा वाचतो आणि कॅडमियमही येत नाही.

खत कितीही स्वच्छ घेतलं आणि पाणी नाल्याचं दिलं, तर वरचं सगळं वाया. रुळांलगतच्या आणि कारखान्यांच्या पट्ट्यातल्या नाल्याचं पाणी भाजीला देऊ नका. गच्चीवर जुन्या रंगाचे पोपडे पडत असतील तर ते झाडून ड्रमपासून लांब ठेवा. घरगुती रंगात शिशाची ९० पीपीएम ही मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे, त्याआधीच्या भिंतींवर काय आहे ते सांगता येत नाही.

पायरी ९: वही

एक दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक ड्रमला किंवा वाफ्याला नंबर. त्यात काय, किती किलो, कुठल्या बॅचचं, कधी गेलं ते लिहा. माझ्या वहीत ड्रम क्रमांक ७ च्या पानावर आता घरच्या ओल्या कचऱ्याचं खत, गावचं शेणखत आणि नारळाचा भुसा एवढ्याच नोंदी आहेत. गेल्या महिन्यात त्यातल्या मातीचा नमुना पुन्हा दिला आहे. तो अहवाल हातात येईपर्यंत त्या ड्रममध्ये मी भेंडीच ठेवली आहे.